आधी दार कुठंय ते बघा

गेल्या महिन्यात माझ्या टीममधल्या एका मुलीला रेफरन्स लेटर लिहून द्यायचं होतं. पोरगी खरंच गुणाची आहे, म्हणजे डेडलाइन उरावर बसलीये, क्लायंट फोनवर आवाज चढवतोय, बाकीच्यांचे चेहरे उतरलेत आणि ही आपली शांतपणे एक्सेलच्या ओळी तपासतेय. हे सगळं इंग्रजीत जरा वजनदार वाटावं म्हणून मी लिहिलं, 'शी हॅज अ व्हेरी लो थ्रेशोल्ड फॉर स्ट्रेस.' डोक्यात गणित साधं होतं, हिला टेन्शन कमी येतं, कमी म्हणजे लो, झालं काम. पाठवण्याआधी आमच्या सीनिअर मॅडमना म्हटलं एकदा नजर टाका, तर पाच मिनिटांत फाइल परत, त्या ओळीवर पिवळा हायलाइट आणि बाजूला कमेंट, "अगं, तिला नोकरी लागू द्यायचीये ना?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी फोनच केला. "थ्रेशोल्ड म्हणजे काय?" मी म्हटलं उंबरठा. "मग बाहेर पाणी साचलंय असं समज. उंबरठा ठेंगणा असेल तर पाणी घरात लवकर शिरेल का उशिरा?" लवकर. बास, पुढे काही बोलायलाच नको. मी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होत होता की हिला जरा कुठे ताण आला की हिचं अवसान गळतं, आणि वर 'व्हेरी' लावून मी ते ठासून सांगितलं होतं. ज्या गुणासाठी पत्र लिहायला बसले, नेमका तोच गुण मी उलटा करून ठेवला.

फोन ठेवल्यावर आधी स्वतःवर हसले, मग जरा घाबरले, कारण हा शब्द मी गेली कित्येक वर्षं बिनधास्त वापरतेय. मेलबॉक्समध्ये सर्च टाकला तर माझ्याच सेंट मेल्समध्ये थ्रेशोल्ड अठ्ठावीस वेळा. आणि खोटं कशाला बोलू, त्यातले निम्मे चुकलेले. संध्याकाळ त्यातच गेली. कोश उघडले, चांगल्या लिखाणात तो शब्द कसा येतो ते बघितलं, आणि जे लक्षात आलं ते इथे उतरवून ठेवतेय, कारण या चुका इंग्रजी येत नाही म्हणून झालेल्या नाहीत, मराठी फार चांगली येते म्हणून झाल्यात. 'उंबरठ्यावर' हा शब्द आपल्या इतका ओळखीचा आहे की इंग्रजीतला उंबरठाही तसाच असणार असं आपण धरूनच चालतो.

सर्वात जास्त वेळा सापडलेली चूक म्हणजे 'वी आर ऑन द थ्रेशोल्ड टू कम्प्लीट द प्रोजेक्ट.' हे वाक्य मी एकदा नाही, चारदा पाठवलंय, चार वेगवेगळ्या लोकांना. यात 'टू' चालत नाही, तिथे 'ऑफ'च लागतो आणि ऑफच्या पुढे नाम लागतं, म्हणजे एखादी गोष्ट, एखादा काळ, एखादी अवस्था. ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ न्यू करिअर, ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ डिस्कव्हरी, ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अॅडल्टहुड. क्रियापद आणायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं बसवायचं, ऑन द थ्रेशोल्ड ऑफ बिकमिंग अमुक तमुक. मराठीत हे आपोआप होतं खरं तर, तारुण्याच्या उंबरठ्यावर, यशाच्या उंबरठ्यावर, तो 'च्या' म्हणजेच 'ऑफ'. 'पूर्ण करायला उंबरठ्यावर' असं आपण मराठीत कधी म्हणू का? नाही ना, मग इंग्रजीत का म्हणतो देव जाणे. 'रेडी टू', 'अबाउट टू' यांची सवय लागलेली असते आणि त्या ओघात टू घुसतो, एवढंच मला सुचतंय.

आणि त्यातला 'द' सुद्धा गाळू नका. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे तो पहिला गळतो, 'वी आर ऑन थ्रेशोल्ड ऑफ', माझ्याकडे अशीही दोन वाक्यं निघाली.

पण समजा व्याकरण सगळं बरोबर आहे, ऑफ आहे, द आहे, आयएनजी आहे, तरीही ते प्रोजेक्ट कम्प्लीट करण्याचं वाक्य कानाला खटकतंच. यावर मी बराच वेळ अडले होते. मग लक्षात आलं की पूर्ण होणं ही आत शिरायची खोली नाहीये. उंबरठ्याच्या पलीकडे काहीतरी मोठं, नवीन, राहण्याजोगं असावं लागतं, जिथे पाऊल टाकलं की वेगळं काहीतरी सुरू होतं. नवं युग, नवं करिअर, मोठेपण, एखादा शोध. प्रोजेक्ट संपणं हा शेवट आहे, त्याला 'वी आर अबाउट टू फिनिश' किंवा 'वी आर निअरली डन' पुरतं. शिंक येणारे तर 'आय अॅम अबाउट टू स्नीझ' म्हणायचं, ऑन द थ्रेशोल्ड ऑफ स्नीझिंग म्हटलं तर व्याकरणाची चूक कुणी काढणार नाही पण समोरचा हसेल. शिंकेच्या पलीकडे कुठलीही खोली नाही.

तेव्हापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, दार कुठंय? म्हणजे कोण उभंय, कशाच्या दारात उभंय आणि पाऊल टाकल्यावर कुठे पोचणार. एवढं डोळ्यासमोर आलं तर शब्द वापरायचा, नाही आलं तर दुसरा शोधायचा. परवा एकाच्या प्रोफाइलवर वाचलं की तो दहा वर्षांच्या अनुभवासह करिअरच्या थ्रेशोल्डवर आहे. अरे बाबा, दहा वर्षं दारातच उभा आहेस का, आत ये की! पाऊल आत पडलं की थ्रेशोल्ड संपला.

आता आपल्या मराठीचा खरा घोळ. आपल्या बातम्यांत कंपन्या दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असतात, देश युद्धाच्या उंबरठ्यावर असतात, सरकार कोसळण्याच्या उंबरठ्यावर असतं. आपल्याला उंबरठा चांगल्यालाही चालतो आणि वाइटालाही. इंग्रजीत हे काम तीनचार शब्दांनी वाटून घेतलंय आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं आहे. ब्रिंक म्हणजे कड्याचा काठ, खाली दरी, म्हणून वॉर, कोलॅप्स, बँकरप्सी, एक्स्टिंक्शन हे सगळे ब्रिंकवर. व्हर्ज म्हणजे नुसती कडा, त्यात चांगलंवाईट दोन्ही चालतं पण ते अगदी या क्षणाला होतंय की काय असं असतं, ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स म्हणजे डोळ्यांत पाणी आलेलंच आहे, फक्त सांडायचं बाकी. इथे थ्रेशोल्ड ऑफ टिअर्स म्हणता येत नाही, रडू ही काही खोली नव्हे. कस्प म्हणजे टोक, लॅटिनमध्ये भाल्याच्या टोकाला कस्पिस म्हणायचे, आणि दोन अवस्थांच्या बरोबर मधल्या बिंदूवर असलं की ऑन द कस्प. ज्योतिषात एक रास संपून दुसरी लागते त्या सीमेलाही कस्प म्हणतात, त्यामुळे तो शब्द थोडा अधांतरी वाटतो.

ब्रिंक कधीकधी चांगल्यालाही वापरतात हां, ऑन द ब्रिंक ऑफ अ ब्रेकथ्रू वगैरे, त्यामुळे मी काही पोलीस नाही. पण थ्रेशोल्ड ऑफ बँकरप्सी असं लिहिलं की दिवाळखोरी ही जणू काही नवीन घरात राहायला जायची गोष्ट वाटते, वास्तुशांतीच तेवढी बाकी राहिलीये.

व्हर्जबद्दल एक गंमत सांगते. फ्रेंचमध्ये व्हर्ज म्हणजे काठी. इंग्लंडच्या राजाच्या घरकारभारावरच्या अधिकाऱ्याच्या हातात अधिकाराची काठी असायची, त्याचा हुकूम दरबाराभोवतीच्या जेवढ्या भागात चाले तो भाग 'विदिन द व्हर्ज', आणि मग त्या भागाची हद्द म्हणून कडा असा अर्थ पुढे आला. काठीचा काठ झाला म्हणा ना.

आता ओलांडण्याकडे येऊ, कारण ते मला सगळ्यात जास्त आवडलेलं आहे. 'क्रॉस द थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरठा ओलांडणे, शब्दाला शब्द बरोबर. पण मराठीत 'तिने उंबरठा ओलांडला' असं नुसतं म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? ती घराबाहेर पडली. शिकायला, कमवायला, नाहीतर घरच्यांशी भांडून, पण बाहेर. इंग्रजीत 'शी क्रॉस्ड द थ्रेशोल्ड' म्हटलं की बहुतेकदा ती आत आलेली असते. तोच उंबरठा, तेच ओलांडणं आणि दिशा बरोबर उलटी! माझ्या एका मेलमध्ये मी आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांबद्दल लिहिलं होतं की 'दे वेअर द फर्स्ट टू क्रॉस द थ्रेशोल्ड', आणि ज्याला लिहिलं त्याने विचारलं होतं, ऑफ व्हॉट? तेव्हा मला वाटलं होतं काय अडाणी माणूस आहे. आता कळतंय की त्याचा प्रश्न बरोबर होता, त्याला त्या बाया कुठल्या तरी इमारतीत शिरताना दिसत होत्या आणि कुठल्या ते मी सांगितलंच नव्हतं. तिथे 'स्टेप आउट ऑफ द हाउस' असं सरळ लिहायला हवं होतं. आत जाण्यासाठी आपण मराठीत पायरी चढतो, तुझ्या घराची पायरी चढणार नाही म्हणतो, तेव्हा इंग्रजी माणूस आय विल नेव्हर क्रॉस युअर थ्रेशोल्ड अगेन म्हणेल.

आणि 'उंबरठे झिजवणे' तर इंग्रजीत उंबरठ्याने होतच नाही. परवानगीसाठी ऑफिसांचे उंबरठे झिजवले हे सांगायचं असेल तर तिथे माणूस फ्रॉम पिलर टू पोस्ट फिरतो, खांबाकडून खांबाकडे. उंबरठा झिजतो तो फक्त मराठीत, आणि वाक्प्रचार म्हणून आपलाच जास्त चांगला आहे हे मी अजिबात निःपक्षपातीपणे सांगतेय. त्यात चपलांचा आवाज ऐकू येतो.

स्पेलिंगचंही सांगून टाकते. त्यात एच दोनच आहेत, एक टीच्या मागे आणि एक एसच्या मागे. आपल्या कानाला थ्रेश आणि होल्ड असं ऐकू येतं, काही इंग्रज बोलतातही थ्रेश-होल्ड असंच, म्हणून हात आपोआप तिसरा एच टाकतो. विदहोल्डमध्ये विद आणि होल्ड दोन्ही पूर्ण आहेत म्हणून तिथे दोन एच शेजारीशेजारी बसतात, इथे होल्ड नाहीच्चे. आणि या नसलेल्या होल्डवर एक आख्खी कथा उभी आहे, तुमच्याकडेही फॉरवर्ड होऊन आली असेल, की जुन्या काळी इंग्लंडात घरात जमिनीवर गवतकाडी पसरायचे, तिला थ्रेश म्हणायचे, दार उघडलं की ती बाहेर सांडायची म्हणून दारात एक लाकूड ठोकायचे, थ्रेश होल्ड करणारा तो थ्रेशोल्ड. ऐकायला इतकं छान आहे की मी स्वतः ते दोन ट्रेनिंग सेशन्समध्ये सांगितलंय. सगळं थाप आहे. 1500 च्या शतकातलं जीवन असं सांगत 1999 मध्ये फिरलेल्या एका ईमेलमधून हे पसरलं, आणि थ्रेश म्हणजे गवतकाडी असा अर्थच नाही.

खरं मूळ जास्त मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत शब्द होता थेर्स्कोल्ड, त्याचा पहिला अर्धा भाग थ्रेशशी नातं सांगतो, आणि थ्रेश करणं म्हणजे मळणी, त्याच्याही आधीचा अर्थ पायाने तुडवणं. म्हणजे थ्रेशोल्ड ही पाय पडण्याची जागा. दुसऱ्या अर्ध्या भागाचं मूळ अजून कुणालाच नक्की सापडलेलं नाही, आणि ते होल्ड नाही एवढं मात्र नक्की. आपल्याकडे संस्कृत कोशात उदुंबर या शब्दाला झाडाबरोबर घराचा उंबरठा हाही अर्थ दिलाय, तेव्हा आपला उंबरठाही काही कमी जुना नाही.

लॅटिनमध्ये उंबरठ्याला लिमेन म्हणतात आणि हा गृहस्थ इंग्रजीत वेष बदलून जागोजागी बसलाय. प्रिलिमिनरी म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडचं, सबलिमिनल म्हणजे उंबरठ्याखालचं, जाणिवेपर्यंत न पोचलेलं. लिमिनल तर हल्ली इंटरनेटवर सगळीकडेच आहे, रिकाम्या कॉरिडॉरचे ते भकास फोटो, पण तो शब्द 1909 साली आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी संस्कारविधींबद्दलच्या पुस्तकात वापरला होता, जुनी अवस्था सुटलीये आणि नवी लागलेली नाही त्या मधल्या काळासाठी. आणि एलिमिनेट म्हणजे मुळात उंबरठ्याबाहेर हाकलणे. हा मला फारच आवडला. लिमिट मात्र यांच्यातला नाही हां, तो लिमेस या वेगळ्या शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ हद्द.

हा फरक कामाचा आहे, कारण मराठीत आपण दोन्हीला मर्यादा म्हणून मोकळे होतो. लिमिट म्हणजे जिथे थांबायचं, थ्रेशोल्ड म्हणजे जिथून काहीतरी सुरू होतं. रस्त्यावर स्पीड लिमिट असते, स्पीड थ्रेशोल्ड नव्हे. टॅक्सचा थ्रेशोल्ड असतो कारण त्या आकड्यापासून टॅक्स लागायला लागतो. थ्रेशोल्ड गाठतात, ओलांडतात, वर किंवा खाली सरकवतात, त्याच्या अबव्ह किंवा बिलो असतात. तो मोडत नाहीत, कारण तो नियम नाहीये, नुसती रेघ आहे.

तर आता परत त्या लो आणि हाय कडे, कारण माझी फजिती तिथे झाली. हा अर्थ आला मानसशास्त्रातून, जर्मनमध्ये हर्बार्टने जाणिवेच्या उंबरठ्याची कल्पना मांडली, मग फेशनरने 1860 च्या त्याच्या पुस्तकात संवेदना मोजायचं शास्त्रच उभं केलं, किती हलका स्पर्श किंवा किती बारीक आवाज झाला की माणसाला तो जेमतेम कळतो, तो आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. त्यामुळे हाय चांगलं का लो चांगलं याला एक उत्तर नाही, बाहेरून आत काय यायचंय त्यावर ते ठरतं. आत येणारी गोष्ट कंटाळ्यासारखी नकोशी असेल तर उंबरठा उंच बरा, लो बोअरडम थ्रेशोल्ड म्हणजे पटकन कंटाळणारा माणूस. पण आवाज? आमच्या मामांची कानाची तपासणी झाली, रिपोर्टवर थ्रेशोल्ड 60 डेसिबल. मामी खूश, म्हणाली बरं आहे की, साठ टक्के ऐकू येतं म्हणजे फर्स्ट क्लास. मी पण मान डोलावली! प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की आवाज 60 डेसिबलपर्यंत चढला की मग कुठे मामांना तो जेमतेम कळतो. चांगल्या कानाचा आकडा शून्याच्या जवळपास असतो. तिथे उंबरठा जेवढा उंच तेवढी माणसाची पंचाईत, कारण आवाज आपल्याला आत यायला हवाय.

दुखण्याच्या बाबतीत तर आपण सगळेच ढिले बोलतो. माझा पेन थ्रेशोल्ड हाय आहे असं म्हणून लोक कॉलर ताठ करतात, त्यांना म्हणायचं असतं की मी खूप सहन करतो. डॉक्टरांच्या भाषेत ते टॉलरन्स. थ्रेशोल्ड म्हणजे दुखायला सुरुवात कुठे होते तो बिंदू, टॉलरन्स म्हणजे बास आता पुरे असं कुठे होतं तो. एखाद्याला जरा टोचलं की लगेच दुखत असेल आणि तरी तो तासभर हूं की चूं न करता बसत असेल, तर त्याचा थ्रेशोल्ड लो आणि टॉलरन्स हाय. पण गप्पांमध्ये सगळं जग हाय पेन थ्रेशोल्डच म्हणतं, तिथे कुणाला दुरुस्त करत बसू नये, मी बसले होते आणि मला कुणी पुन्हा बोलावलेलं नाही.

एक आपल्याकडची गोष्ट मात्र इंग्रजीत नाही आणि तिची मला फार हळहळ वाटते, देहलीदीपन्याय. देहली म्हणजे उंबरठा, तिथे ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही, तसा वाक्याच्या मधे बसलेला एखादा शब्द अलीकडच्या भागालाही लागतो आणि पलीकडच्याही. ऑन द थ्रेशोल्ड ऑफ म्हटलं की माणूस फक्त पुढे बघतो, पाठीमागच्या खोलीत काय होतं ते त्या वाक्यात दिसतच नाही. ते दाखवायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं, बिटवीन अमुक अँड तमुक करत.

ते पत्र शेवटी गेलं. मी आधी लोचं हाय केलं, मग 'फॉर'चं काय करू यावर अडले, मग वाटलं हाय थ्रेशोल्ड फॉर स्ट्रेस वाचून समोरच्याचाही माझ्यासारखाच गोंधळ झाला तर पोरीचं नुकसान, म्हणून ती ओळच काढली आणि लिहिलं, 'शी स्टेज काम अंडर प्रेशर', पाच शब्द. मॅडमना फायनल पाठवलं तर त्यांचा मेसेज, "थ्रेशोल्ड कुठे गेला गं?" मी लिहिलं, "एलिमिनेट केला." दिवसभराची सगळी मेहनत त्या एका शब्दात घातली होती मी. त्यांनी अंगठा पाठवला फक्त.